नऊ बोटांचा रोल
इनास मास्तरांनी पियानोवरून हात उचलले आणि पट्ट्यांना जोडलेल्या, कागदावर धावणाऱ्या पेन्सिली जागच्या जागी थांबल्या. दौलतरावांनी गुंडाळी सोडवली. दाबलेल्या प्रत्येक पट्टीची रेघ कागदावर उठली होती. आता त्या रेघांवर भोके पाडायची. मग सरदार अप्पासाहेबांच्या आपोआप वाजणाऱ्या पियानोत हा रोल चढवला, की भोक येईल तिथे पट्टी आपली आपण खाली जाणार.

अप्पासाहेबांचे जुने रोल वाजून वाजून फाटले होते. मास्तरांच्या जॅझचे नवे रोल हवेत, असा त्यांनी हट्टच धरला होता. संस्थान मध्यभारत राज्यात विलीन झाले, दरबारचा बँड मोडला, आणि त्यात वीस वर्षे पियानो वाजवलेले मास्तर येत्या रविवारी कायमचे गोव्याला निघाले होते. मास्तरांच्या उजव्या हाताची अनामिका वर्षभरापासून लुळी होती. आता शेजारचे बोटही बधिर होऊ लागले होते. म्हणजे पुन्हा वाजवून घेण्याचा प्रश्नच नव्हता.

स्नेहलतागंज पेठेतल्या आपल्या खोलीत दौलतराव तीन दिवस भोके पाडत बसले. बँडची वाद्ये दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि मास्तरांची ही चाल त्यांना तोंडपाठ होती. रेघ जिथे तुटे, तिथे त्यांचा हात अडखळे. ज्या माणसाच्या बोटांवर सगळा दरबार नाचला, त्याची अशी लंगडी आठवण मागे ठेवायची? त्यांना काही ते पाहवेना. लुळ्या बोटामुळे गळलेल्या सुराच्या जागी त्यांनी एक भोक पाडले. मग दुसरे. असे करता करता अकरा झाली.

शनिवारी दुपारी अप्पासाहेबांच्या दिवाणखान्यात रोल चढला. दौलतराव पायाने पियानोचा भाता मारू लागले. मास्तर शेजारी डोळे मिटून उभे होते. चाल संपली, तसे त्यांनी डोळे उघडले.

“ये कौन बजा रहा है, भिया?”

“तुम्हीच की, मास्तर.”

“मी नाही. याला दहा बोटं आहेत.”

दौलतरावांचा चेहरा उतरला.

“मला वाटलं, लोकांनी तुम्हाला पहिल्यासारखं ऐकावं.”

“बोट गेलं, तेव्हा वर्षभर बसून ही चाल मी परत बसवली, दौलतराव. जिथे तो सूर नाही, तिथे मी थांबतो. ते थांबणं, बस, वही मेरा है. तुम्ही तेच बुजवलंत.”

दौलतरावांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. वीस वर्षे आपण या माणसाला ऐकत आलो आणि शेवटी हे ऐकूच आले नाही! ते डिंक आणि पातळ कागद घेऊन आले. दोघांनी जमिनीवर बसून रोल उलगडला. कुठले भोक कोणाचे, हे मास्तरांना सांगावे लागत नव्हते. ते बोट ठेवत, दौलतराव तिथे कागदाचा तुकडा चिकटवत. दहा बुजली. अकराव्यावर दौलतरावांनी तुकडा धरला, तसा मास्तरांनी त्यांचा हात अडवला.

“हे राहू द्या.”

“पण मास्तर, हे माझं आहे. तुम्ही वाजवलंच नाही.”

“मालूम है, इसीलिए तो,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी डिंकाच्या बाटलीला बूच लावले.