इस्त्री केलेला पेपर

भाईदास वाण्यांच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं अभिमन तायडे स्वतःला सांगत. खरं तर राहून गेलं नव्हतं. त्यांनी ते दिलं नव्हतं. निळं अंतर्देशीय पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं आणि आता बाजारात संक्रांतीचे तीळ आले होते. एवढे दिवस ते काउंटरच्या खणात, जाड शब्दकोशाच्या पानांत, 'त' आणि 'थ'च्या मध्ये पडून होतं. शब्दकोश उघडायचा झाला तर तायडे तेवढी पानं टाळून उघडत. अडीच महिन्यांत त्यांनी 'त'चा एकही शब्द पाहिला नव्हता.

जळगाव स्टेशनसमोरच्या गल्लीत रतिलालशेठचं प्रवासी लॉज होतं. खोल्या चौदा, मॅनेजर एक. छापखान्यात सव्वीस वर्षं प्रुफं तपासल्यावर छापखानाच बंद पडला, तेव्हा तायडे इथे आले. मॅनेजर म्हणजे काय, तर चाव्यांची फळी, एक खुर्ची आणि खुर्चीच्या वर टांगलेला दिवा. पण घरी दोन खोल्यांत सात माणसं होती, आणि सबंध जळगावात पुस्तक उघडून बसावं अशी तायड्यांची ही एकच जागा होती. आपण या खुर्चीला लायक आहोत का, अशी शंका त्यांना रोज सकाळी यायची. ती जायच्या आत गिऱ्हाइकं यायची.

दोन वर्षांपूर्वी रतिलालशेठ लग्नाला अहमदाबादला गेले आणि तिथल्या एका मोठ्या हॉटेलात काहीतरी बघून आले. आल्या आल्या त्यांनी पिवळी कार्डं छापून घेतली. वर लिहिलं होतं, 'कायमचे पाहुणे'. वर्षात वीस मुक्काम करील त्याला कार्ड. कार्डाच्या मागे तीन हक्क होते: गरम पाण्याची पहिली बादली, न उघडलेला पहिला पेपर आणि एक जादा उशी.

"शेठ, पहिली बादली एकच असते," तायडे हळूच म्हणाले होते.

"तायडे, तुम्ही फार वाचता," शेठ म्हणाले. "गिऱ्हाईक खूश झालं पाहिजे. बादलीचं तुम्ही बघा."

पहिल्या वर्षी सहा कार्डं गेली. दुसऱ्या वर्षी तेवीस. बियाणेवाले, औषधवाले, फवारणीच्या पंपांचे एजंट, बहुतेक सगळे सोमवारी उतरायचे, कारण मंगळवारपासून त्यांना जामनेर, बोदवड अशी फिरती असायची. मंगळवारी पहाटे साडेपाचला चौदा दरवाजे एकदम उघडायचे आणि चौदा पिवळी कार्डं पहिली बादली मागायची. कार्ड हातात येईपर्यंत ही माणसं साधी असत. कोणी उशीत सरकी आहे म्हणून झोपायची नाहीत, कोणी चहात आलं जास्त पडलं म्हणून कार्ड काउंटरवर आपटायची.

बादलीचं झुंबरबाईनं बघितलं. ही मूळची पिंपळनेरकडची, बंब पेटवायची आणि चादरी धुवायची. तिनं प्रत्येक दारावर बादली ठेवताना इकडेतिकडे बघून कुजबुजायला सुरुवात केली.

"पहिली बादली तुमनीच शे, भाऊ. पन कोनले सांगू नका. बठ्ठा पाहुना माले खाई टाकतीन."

चौदा माणसं चौदा दारांआड पहिल्या बादलीनं आंघोळ करायची आणि बाहेर येऊन एकमेकांकडे दयेनं बघायची.

पेपरचं गुलाबनं बघितलं. गुलाब चाळिशी ओलांडलेला, खोल्या आणि इस्त्री त्याच्याकडे. शेठ पेपर घ्यायचे एकच. तीन नंबरच्या पाहुण्यानं वाचून टाकला की गुलाब तो उचलायचा, पाण्याचे चार थेंब शिंपडायचा आणि कोळशाच्या इस्त्रीखालून काढायचा. पेपर असा कडक व्हायचा की सात नंबरच्या पाहुण्याला घडी उलगडताना करकर आवाज यायचा.

"बघा, ताजा पेपर हातात गरम लागतो," सात नंबरचा पाहुणा एकदा कौतुकानं म्हणाला होता.

"थेट मशीनवरून येतो, साहेब," गुलाब म्हणाला होता.

कोण किती वाजता उठतो, कोणाला बाथरूमला किती वेळ लागतो, याचं वेळापत्रक तायड्यांनी करून दिलं होतं. त्यात त्यांचा स्वतःचा एक गुन्हा लपलेला होता. पेपर पाचला यायचा. पाच ते पावणेसहा तो कुणाच्याच नावावर नव्हता. त्या वेळात तायडे शब्दकोडं सोडवायचे. अगदी हलक्या पेन्सिलीनं लिहायचे, मग जुन्या काळ्या रबरानं सगळं खोडायचे, आणि मगच पेपर गुलाबच्या हाती जायचा. पावणेसहाचा पहिला हक्क तीन नंबरमधल्या भाईदास वाण्यांचा.

भाईदास वाणी धुळ्याचे. फवारणीच्या पंपांच्या कंपनीचे मोठे एजंट, हाताखाली अकरा एजंट. भरदार मिशा, पायात करकरणारे बूट, कार्ड नंबर एक. लॉजमध्ये त्यांचा दरारा होता, पण तो पंपांमुळे नव्हता. चहाच्या लांब टेबलावर बसून, सगळ्या एजंटांदेखत ते पंधरा मिनिटांत अख्खं कोडं सोडवायचे. आधी पेपर खिडकीच्या उजेडाकडे धरून, डोळे बारीक करून बराच वेळ विचार करायचे. मग शाईच्या पेनानं सरळ लिहीत सुटायचे आणि कोड्याची पुरवणी घडी घालून खिशात टाकायचे, ती पुढच्या पाहुण्यांपर्यंत जायचीच नाही.

"आडवे सात काय, भाऊ?" एजंट विचारायचे.

"त्यात काय? 'मृगजळ'. लहान पोराला येईल."

काउंटरमागे तायडे मान खाली घालायचे. त्यांना त्याच कोड्याला पाऊण तास लागलेला असायचा, तोही शब्दकोशासकट. एकदा 'उभे नऊ, पक्षी, तीन अक्षरी' याला त्यांनी 'चंडोल' लिहिलं होतं. भाईदासांनीही चंडोलच लिहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात उत्तर आलं, 'टिटवी'. तायड्यांनी दोन दिवस विचार केला आणि पेपरवाल्यांची चूक झाली असं ठरवलं. एवढा विद्वान माणूस कसा चुकेल?

आणि मग ते पत्र आलं. मॅनेजरांच्या नावे, ठळक, रेटून लिहिलेलं. एक, उशीत गाठी आहेत. दोन, झुंबरबाईंच्या पहिल्या बादलीविषयी आठ नंबरचे बियाणेवाले वेगळंच सांगतात. तीन, चहा. चौथ्या कलमाला भाईदासांनी खाली रेघ मारली होती. 'गेल्या तीन मंगळवारांपासून पेपरला गोळ्या-चॉकलेटचा वास येतो. माझ्या आधी माझा पेपर कोण हाताळतो, आणि त्यावर काय करतो, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. आता मात्र मला नाइलाजानं—'

तिथे पान संपलं होतं. तायड्यांचा धीर त्याच्या दोन ओळी आधीच संपला होता. दसऱ्याच्या सुमाराला नातीनं त्यांना आपला पांढरा, वासाचा रबर दिला होता. कोडं त्यानं इतकं स्वच्छ निघायचं की तायडे खूश होते. तोच रबर फितूर झाला होता. त्यांनी पत्र 'त' आणि 'थ'च्या मध्ये ठेवलं. संध्याकाळी उत्तर लिहायला घेतलं. 'महोदय' लिहिलं, ते फार कोरडं वाटलं. 'प्रिय भाईदासजी' लिहिलं, ते अंगचटीला गेल्यासारखं वाटलं. असे चौदा कागद झाले आणि चौदाही बंबात गेले.

भाईदास पुढच्या सोमवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. पौष लागेपर्यंत कळलं की ते आणि त्यांचे अकरा एजंट बस स्टँडजवळच्या नव्या लॉजवर उतरतात.

रतिलालशेठ काउंटरवर आले तेव्हा हातात कार्डांची यादी होती.

"तायडे, बारा माणसं एकदम कशी गेली? भाईदासनं काही कळवलं होतं?"

तायड्यांना खोटं बोलता येत नसे. गप्प बसता मात्र उत्तम यायचं.

"म्हणजे कळवलं होतं," शेठ म्हणाले. "हे बघा, तुम्ही माणूस सरळ. पण येत्या सोमवारी भाईदास या दारातून आत आले नाहीत, तर खुर्चीवर माझा भाचा बसेल. तो वाचत नाही, तेवढं तरी बरं."

शेठ गेले. तायड्यांनी वर दिव्याकडे पाहिलं, मग खणाकडे. सोमवारला पाच दिवस होते. ते उठले, शब्दकोश छातीशी धरला आणि मागच्या अंगणात गेले. तिथे गुलाब चादरींना इस्त्री करत होता आणि झुंबरबाई बंबात लाकडं सारत होती.

"माझ्यामुळे झालं," तायडे म्हणाले. मग कोडं, पेन्सिल, रबर, सगळं त्यांनी जमिनीकडे बघत सांगून टाकलं.

गुलाबनं इस्त्री बाजूला ठेवली. "नाना, म्हणजे पेपरला मी इस्त्री करायचो, तो तुमचा उष्टा असायचा?"

"हो."

"आणि मी वेड्यासारखा हात धुवून इस्त्री करायचो!"

"हसू नको रे, गुलाब," झुंबरबाई म्हणाली. "नाना, ती चिठ्ठी वाची दाखाडा."

तायड्यांनी वाचून दाखवली. 'नाइलाजानं'पाशी थांबले.

"मंग?"

"मग काही नाही. पान संपलं. पुढे पोलिसात जाईन, असं काहीतरी त्यांच्या मनात असेल."

झुंबरबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं पत्र हातात घेऊन नुसतं बघितलं. उलटं केलं, अंगठ्यानं चाचपलं, जशी ती चादरीची शिवण चाचपायची.

"नाना, हाई पान जाड का बरं लागस? आठे घडी चिकटेल शे."

खरंच होती. भाईदासांनी पत्र बंद करताना भरपूर खळ लावली होती, आणि आतली तिसरी घडी पाठीला चिकटून बसली होती. तायड्यांनी एवढे दिवस ते पत्र नीट उलगडलंच नव्हतं. भीत भीत उघडलं होतं आणि भीत भीतच मिटलं होतं.

"फाडू?" गुलाबनं विचारलं.

"हात नको लावू," झुंबरबाई म्हणाली. तिनं बंबाचं झाकण उचललं, पत्र चिमटीत धरून वाफेवर चार वेळा फिरवलं आणि घडी अलगद सोडवून तायड्यांच्या हातात दिली. "ल्या, नाना. गरम गरम वाचा. पहिली बादली तुमनी."

तायड्यांनी चष्मा पुसला. वाफेनं शाई थोडी पसरली होती, पण अक्षर रेटून लिहिलेलं होतं.

'—नाइलाजानं लिहावं लागत आहे. पूर्वी पेपर उजेडाकडे धरला की खोडलेली अक्षरं स्पष्ट दिसत. आता काहीच दिसत नाही. तीन मंगळवार अकरा माणसांदेखत माझी फजिती झाली. काल उभे चौदा आलं नाही तर आमचा निंबा हसला. हे काम आपल्याकडे जो कोणी गृहस्थ करतो, तो फार हुशार आहे. चंडोलच्या वेळीसुद्धा मी तक्रार केली नाही. त्यांना माझी हात जोडून विनंती सांगावी, की जुनाच रबर वापरावा. आपलं उत्तर येईपर्यंत मला तुमच्याकडे तोंड दाखवता येणार नाही. आता ज्या नव्या जागी उतरू, तिथे पेपर येत नाही, हे एक बरं. ही गोष्ट रतिलालशेठना कळवू नये.'

गुलाब चादरीच्या ढिगावर बसला आणि पोट धरून हसायला लागला.

"उजेडाकडे धरून विचार करायचे ना! अरे देवा! आणि आपले एजंट तोंड वासून बघायचे!"

"त्याना कार्डवर चौथा हक्क लिखी टाका," झुंबरबाई म्हणाली. "उष्टं कोडं."

तायडे हसले नाहीत. ते पुन्हा वरची एक ओळ वाचत होते. 'जो कोणी गृहस्थ करतो, तो फार हुशार आहे.' त्यांनी ती तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचताना त्यांचे कान लाल झाले. ज्या माणसापुढे ते दोन वर्षं मान खाली घालत होते, तो दोन वर्षं त्यांचीच उत्तरं शाईनं गिरवत होता.

"म्हणजे टिटवीच बरोबर होतं," ते हळूच म्हणाले. "चूक माझी होती."

"आता त्याचंबी दुःख करनार का, नाना?" झुंबरबाईनं कपाळावर हात मारला. "लिखा चिठ्ठी!"

उत्तर एका बैठकीत झालं, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. 'श्री. भाईदास वाणी यांस स. न. वि. वि. आपली तक्रार रास्त आहे. उशी पिंजायला दिली आहे. चहात आलं कमी केलं आहे. जुना रबर सापडला आहे व मंगळवारपासून तोच वापरात येईल. पेन्सिलही थोडी दाबून धरण्यात येईल. चंडोलबद्दल क्षमस्व. न उघडलेला पहिला पेपर तेवीस पाहुण्यांत आपलाच आहे, मात्र हे कोणाला सांगू नये.' खाली सही करायची वेळ आली तेव्हा 'मॅनेजर' लिहायला हात गेला. तायडे थांबले आणि लिहिलं, 'आपला, अभिमन तायडे. कोडं मीच सोडवतो.'

बाहेर पडताना जिन्याशी शेठ भेटले.

"लिहिलं का भाईदासला? काय लिहिलं?"

"सेवेत सुधारणा केली असं कळवलं, शेठ."

"कसली सुधारणा? खर्चाची नाही ना?"

"नाही. जुनंच परत आणलं."

"मग उत्तम," शेठ म्हणाले.

स्टेशनसमोरच्या लाल पेटीपाशी तायडे आले, तेव्हा धुळ्याचं टपाल जायला अर्धा तास होता. त्यांनी पत्र पेटीच्या तोंडाशी धरलं आणि ओढून घेतलं. 'दाबून धरण्यात येईल' हे जरा उद्धट तर झालं नाही? पेटीकडे पाठ करून त्यांनी पत्र उजेडाकडे धरून बघितलं. खळ त्यांनी बेतानं लावली होती, सगळ्या घड्या सुट्या होत्या. मागून केळीच्या पाट्या घेतलेली एक बाई म्हणाली, "आबा, टाकनं शे तं टाका, नाही तं बाजू व्हा."

तायड्यांनी पत्र टाकलं. आत पडल्याचा आवाज आला, तरी खात्रीसाठी त्यांनी पेटीच्या तोंडात दोन बोटं घालून पाहिली.