चौथी ओळ

कमळाकर दिघेने ‘वाटी’चा शेवटचा शिशाचा खिळा जुळणीच्या स्टिकमध्ये बसवला आणि लगेच ती सगळी ओळ बोटांनी परत काढून घेतली. खिळे तळहातावर तसेच ठेवून तो समोरच्या वहीतलं कडवं पुन्हा वाचू लागला.

गवर आली खाडीच्या काठी,
पाय भरले खाऱ्या माती.
काय देऊ गो तिच्या हाती?
चिमूट मीठ नि फुटकी वाटी.

त्याने मात्रा मोजल्या. पहिलीत एक जास्त, दुसरीत एक कमी. तिसरी आणि चौथी मात्र बरोबर सोळा. मिठागरावर पाट्या उचलणाऱ्या हौसाबाईने त्या बोटांवर मोजल्या नव्हत्या, एवढं नक्की.

वही शाळेची होती. अक्षर पुतळीचं, हौसाबाई म्हात्रेच्या सातवी झालेल्या सुनेचं. सासू गात गेली, सून लिहीत गेली. गेल्या वर्षी खाडीकडच्या एका गावात गौरीच्या फेरात दाजींनी हौसाबाईला ऐकलं आणि पेणला परतले ते पुस्तक काढायचं ठरवूनच. दाजी छापखान्याचे मालक. अठरा वर्षं कमळाकर त्यांच्याकडे खिळे जुळवत होता. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर, हमरापूरच्या मूर्तीवाल्यांची पत्रकं. एकदा, फार मागे, त्याने आपल्या कवितांची वही धीर करून दाजींच्या टेबलावर ठेवली होती. महिन्याने दाजींनी ती परत दिली आणि म्हणाले, “अक्षर सुंदर आहे हो तुमचं.”

आज सकाळी सासू-सुना छापखान्यात येऊन गेल्या होत्या. दाजींनी भिंग धरून पहिल्या पानाचा मजकूर वाचून दाखवला. ‘गीतरचना : हौसाबाई म्हात्रे.’

“रचना म्हंजे?” हौसाबाईने विचारलं.

“तुम्ही रचलेली गाणी.”

“लाकडं रचतात. मिठाची रास रचतात. सरण रचतात.” तिने पदर खोचला. “गाणं आमी बांधतो. खाडीला बांध घालतात ना, तसं. भरती यायच्या आधी बांधून झालं पायजे.”

दाजी खूश होऊन हसले. “मग तसं छापू?”

“नको, ऱ्हावं दे. तुमच्या पुस्तकात तुमचा शबूद.”

कमळाकर खिळ्यांच्या केसपाशी उभा राहून ऐकत होता. अठरा वर्षांत दाजी त्याच्या कुठल्याही बोलण्यावर असे हसल्याचं त्याला आठवेना.

आता त्याने हातातले खिळे एकेक करून केसच्या घरांत टाकून दिले. गौरीच्या हातात फुटकी वाटी देणं बरं दिसत नाही, असं त्याने मनाशी म्हटलं. मग, कुणी सांगत असल्यासारखी, त्याची बोटं भराभर चालली.

मीठच उरलं डोळ्यांकाठी.

सोळा मात्रा. यमकही पक्कं. त्याने ओळ कसून बसवली. प्रूफ त्यानेच वाचलं. दाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

पुस्तक छापून झालं तेव्हा एक प्रत त्याने घरी नेली. बायको, सरू, तांदूळ निवडता निवडता ती चाळत होती. एका पानावर तिचा हात थांबला.

“मीठच उरलं डोळ्यांकाठी,” ती हळू म्हणाली. “अहो, हे कसं सुचलं असेल हो त्या बाईला?”

कमळाकर शर्टाची बटणं काढत होता. दोन काढून झाली होती, तिसऱ्यावर बोटं अडली.

“सुचतं एकेकाला,” तो म्हणाला.

“तुम्ही एवढं लिहिता, पण असं काळजाला लागणारं…” सरूने वाक्य सोडून दिलं आणि सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

तो न जेवता बाहेर पडला आणि रामवाडीच्या फाट्यापर्यंत चालत जाऊन आला. ओळ त्याची होती. कौतुकही त्याच्याच घरात, त्याच्याच बायकोच्या तोंडून झालं होतं. तरी ते हौसाबाईच्या पदरात पडलं होतं, आणि त्याला तिचा आधीपेक्षा जास्त राग आला होता.

श्रावणात रोह्याच्या महिला मंडळाने हौसाबाईला गायला बोलावलं. दाजी, कमळाकर, पुस्तकांचे दोन गठ्ठे, हौसाबाई, पुतळी आणि फेर धरणाऱ्या चार बायका, अशी सगळी मंडळी एसटीने रोह्याला उतरली. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत प्रत्येकीच्या हातात पुस्तक होतं.

हौसाबाई पाठ गायची. चौथ्या ओळीला तिने ‘चिमूट मीठ नि फुटकी वाटी’ म्हटलं तेव्हा पुस्तक उघडून बसलेल्या एक-दोघींनी मान वर केली. कमळाकरच्या कानशिलाला घाम सुटला. पण गाणं पुढे गेलं, फेर संपला, टाळ्या झाल्या.

मग अध्यक्ष उठले. एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर, कोटाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी पुस्तक उघडलं.

“या पुस्तकातली एकच ओळ वाचतो,” ते म्हणाले. “मीठच उरलं डोळ्यांकाठी.” ते थांबले. सभागृहही थांबलं. “चाळीस वर्षं मी मुलांना निबंध आणि कविता शिकवल्या. आम्ही शिकलेली माणसं मात्रा मोजत बसतो. आमच्या हातून अशी ओळ होणार नाही. त्यासाठी मिठागरात पाय भाजावे लागतात.”

टाळ्या वाजल्या. दाजीही वाजवत होते. कमळाकरचे हात मांडीवर होते. आयुष्यभर ज्या शब्दांची वाट पाहिली ते सगळे शब्द समोर उच्चारले जात होते, आणि त्याच्याकडे कुणाची मानही वळत नव्हती.

हौसाबाईने पुतळीकडे पाहिलं. पुतळीने पुस्तकात पाहून, ‘आहे खरी’ अशी मान डोलावली. तशी हौसाबाई उठली.

“गुरुजी, ही माजी नाय.”

“पुस्तकात तर आहे.”

“असंल. मी नाय बांधली. पोर माहेराला आली, दोन दिसांसाठी. तिच्या म्होरं कोण रडतं काय? फुटकी का असंना, वाटी द्यावी हातात नि हसावं.”

बायकांमधून एक बारीक, ओळखीचा हुंकार गेला. दाजी खुर्चीतच वळले.

“कमळाकर?”

‘माझी’ हा दोन अक्षरांचा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता. मघाशी म्हणायला हवा होता तो. आता ती ओळ हौसाबाईने सगळ्यांसमोर खोटी ठरवली होती.

“जुळणीत गडबड झाली,” तो म्हणाला. “खिळे चुकले.”

मागे कुणीतरी हसलं. “मुद्रणदोष!” असं म्हणून अध्यक्षांनी पुस्तक मिटलं.

पेणची गाडी यायला वेळ होता. दाजी चौकशीच्या खिडकीपाशी गेले होते. स्टँडवरच्या बाकाच्या एका टोकाला कमळाकर बसला होता. हौसाबाई येऊन दुसऱ्या टोकाला बसली.

“भाऊ, खिळा चुकला तर अक्षार बदलंल. अख्खी ओळ कशी बदलंल?”

त्याने उरलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याची सुतळी आवळली.

“तुमची हाय?”

त्याने मान डोलावली.

“मंग माझ्या गाण्यात कशाला घातलीत?”

काही तरी सांगून वेळ मारून नेता आली असती. नागोठण्याची गाडी लागली, भरली आणि गेली.

“तुमचं गाणं मला सोसलं नाही,” तो म्हणाला.

हौसाबाई विचारात पडली. “वाईट हाय का?”

“वाईट असतं तर काय हवं होतं.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. पण तेवढ्यात पेणची गाडी लागली, बायकांनी हाका मारल्या, आणि गाडीत तिची जागा फार पुढे होती.

दुसऱ्या दिवशी दाजी म्हणाले, “शुद्धिपत्र छापून प्रत्येक प्रतीत चिकटवा. मुद्रणदोष म्हणून टाका, विषय मिटला.”

कमळाकरने बारीक टाइप घेतला. ‘पृष्ठ ११, ओळ चौथी. मीठच उरलं डोळ्यांकाठी, याऐवजी चिमूट मीठ नि फुटकी वाटी, असे वाचावे.’ त्याखाली त्याने आणखी एक वाक्य जुळवलं आणि प्रूफ काढून दाजींपुढे ठेवलं. दाजींनी भिंग घेतलं.

“‘अशुद्ध ओळ गीतकर्त्रीची नसून जुळारी कमळाकर दिघे याने घातलेली आहे.’” वाचून झाल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं. “हे कशाला? कुणी मागितलंय का?”

“राहू दे.”

“लोक मला विचारतील, कमळाकर.”

“मला विचारू द्या.”

आठवड्याने हौसाबाई आणि पुतळी पुस्तकं न्यायला आल्या. दाजी बाहेर गेले होते. पुतळीने चिकटवलेली चिठ्ठी उभ्या उभ्या वाचून दाखवली. हौसाबाईने ती पुन्हा एकदा वाचायला लावली. कमळाकर केसवर वाकून दुसऱ्याच कुणाच्या पत्रिकेतली नावं जुळवत होता.

“भाऊ, नि बाकीचं गाणं?” तिने विचारलं.

“कुठलं?”

“ही एकच ओळ झाली. तिच्या आधीचं, मागचं, काय हाय का नाय?”

“नाही.”

“कोन रडतंय ते तरी ठावं हाय?”

कमळाकरने मान वर केली. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिने पुस्तकांचा गठ्ठा डोक्यावर घेतला आणि सुनेला म्हणाली, “चल गो, गाडी जाईल.”

त्या गेल्यावर त्याने पत्रिकेचं काम पुरं केलं. मग वाया गेलेल्या एका प्रूफची कोरी बाजू वर करून ठेवली आणि पेन्सिलीने आपली ती ओळ लिहिली. पुतळीने आज आणखी एक वही टेबलावर ठेवली होती आणि ती त्याला अजून उघडवली नव्हती. दाजी परत आले, त्यांनी दाराच्या फळ्या लावायला घेतल्या, तेव्हा कागदावर दुसरी ओळ उतरली होती. मात्रा त्याने मोजल्या नव्हत्या.