ठसक्यावर निवडलेलं तेल

माझ्या दुकानात शिरताच लोकांचे आवाज आपोआप खाली येतात. मी तशी पाटी लावलेली नाही. गडद बाटल्या, लाकडी फळ्या, मंद दिवा आणि कोपऱ्यात नळ बसवलेलं स्टीलचं पिंप, एवढ्यानेच त्यांना एखाद्या बड्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतं. अठरा वर्षं मी ऑलिव्ह तेल विकते आहे आणि अठरा वर्षं या नाकाने कांदे सोलणाऱ्या मंडळींना मनातल्या मनात हसते आहे.

त्यांच्यातले मेरुमणी म्हणजे प्रोफेसर. प्रोफेसर ते कधीच नव्हते, विमा विकायचे. नाव मीच ठेवलेलं. दर शनिवारी येतात, छोटा पेला तळहातावर धरून फिरवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "टोमॅटोच्या पानांचा वास. मागाहून कच्चा बदाम." हे सगळं मी पिंपावरच्या चिठ्ठीत आधीच लिहिलेलं असतं. मी मान डोलावते. गिऱ्हाईक आहे, करता काय.

तरी सुपरमार्केटातून तेल आणणाऱ्यांपेक्षा ते बरे, असं मी धरून चालले होते. माझी धाकटी नणंद तिथेच कामाला. तेलांची रांग तिच्याकडे. डावीकडे कपड्यांचे साबण, उजवीकडे मांजरांचं खाणं आणि मधे ऑलिव्ह तेल, तेही पारदर्शक काचेत, दिवसभर ट्यूबलाइटखाली. तेलाला उजेड सोसत नाही हे तिथल्या मॅनेजरला सांगायचं, तर आधी तेल ही खायची वस्तू आहे हे सांगावं लागेल. नणंद घरी आली की मी मुद्दाम विचारायची, "काय गं, या आठवड्यात तेलावर काय फुकट?"

"झाडू," ती शांतपणे सांगायची. तिला राग यायचा नाही, याचाच मला राग यायचा.

माझं दुकान चालतं माझ्या नाकावर. वर्षातून एकदा तेल गाळणारे तीन नमुने पाठवतात. त्यांच्यावर नाव नसतं, नुसते आकडे. पेल्याला हाताची ऊब द्यायची, वर झाकलेला तळहात बाजूला करून हुंगायचं, मग घोट हवेसकट ओढायचा. ताजं तेल जिभेला कडू लागतं आणि घशाला ठसका देतं. बिघाड मात्र नाकालाच कळतो. मी निवडेन ते वर्षभर पिंपात राहतं आणि पिंपावर माझ्या सहीची चिठ्ठी लागते. लोक तेल घेत नाहीत, ती सही घेतात.

यंदा नमुने यायच्या तीन आठवडे आधी मला ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. कॉफी, साबण, फिनेल, सगळं एकसारखं, म्हणजे काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित. मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. वास न येणाऱ्या बाईच्या सहीला कोण विचारणार? दुकान बंद करून मी करणार काय, नणंदेशेजारी उभी राहून मांजरांचं खाणं रचणार?

मग मी अक्कल लढवली. नाक गेलं तरी घसा शाबूत होता. पहिल्या नमुन्याला एक ठसका आला, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला लागोपाठ तीन. तिसरा निवडला आणि सही ठोकली. स्वतःवर खूशही झाले.

महिनाभर तेल धडाक्यात खपलं. प्रोफेसर डोळे मिटून म्हणाले, "या वर्षी तुम्ही कमाल केलीत. यात खोली आहे. जुनं लाकूड, ओली माती." हे काही चिठ्ठीत नव्हतं. मी मान डोलावली, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गुरुवारी नणंदेची सुट्टी असते. माझा एक डबा परत करायला ती दुकानात आली. चाखायला ठेवलेला पावाचा तुकडा तिने तेलात बुडवला, तोंडाशी नेला आणि परत खाली ठेवला.

"वहिनी, हे तू निवडलंस?"

"मग काय तुझ्या मॅनेजरने?"

"कुबट वास येतोय गं याला. ओलं पोतं कोपऱ्यात पडून राहतं ना, तसा. फळं बरेच दिवस पोत्यात पडून असणार, मग गाळलीत."

"हे तुला कोणी शिकवलं? साबणवाल्यांनी?"

"आमच्याकडे रोज दोन-चार बाटल्या परत येतात. वास मारतोय म्हणतात लोक. पैसे परत द्यायच्या आधी प्रत्येक बाटली मला हुंगावी लागते. बारा वर्षं हुंगतेय."

माझ्या दुकानात अठरा वर्षांत एकही बाटली परत आली नव्हती. त्याचा मला केवढा तोरा होता. इथे परत करायची कोणाची छातीच होत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

तरी मी तिला नाही नाही ते बोलले. तिने ऐकून घेतलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुला वास येत नाहीये का?"

मला रडू आलं. तिच्यासमोर आलं, याची जास्त लाज वाटली.

"कधीपासून?"

"तापापासून."

"दादाला माहीत आहे?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिने पिंपाचा नळ घट्ट केला. "बाकीचं नंतर बघू. हे आधी थांबव. लोक खातायत ते."

शुक्रवारी मी सहीची चिठ्ठी फाडली आणि दुसरी लावली: या पिंपातलं तेल खराब आहे. चूक माझी आहे. बाटल्या परत आणाव्यात. दिवसभरात एकही बाटली आली नाही.

शनिवारी प्रोफेसर आले. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"खराब म्हणजे?"

"कुबट आहे. निवडताना चुकलं माझं."

"मी महिनाभर पाहुण्यांना हे वाढतोय."

"म्हणूनच सांगते. परत आणा, पैसे देते."

त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी स्वतःच पेला उचलून नळाखाली धरला. ऊब दिली, डोळे मिटले, घोट ओढला. तीन ठसके आले, डोळ्यांतून पाणी आलं. पेला खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे फार कणवेने पाहिलं.

"हे तेल उत्तम आहे," ते म्हणाले. "बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचं नाक गेलंय."

अठरा वर्षांत चिठ्ठीविरुद्ध जाऊन त्यांनी स्वतःच्या डोक्याने बनवलेलं ते पहिलं मत होतं, आणि नाकापुरतं ते अगदी खरं होतं. मी नेहमीसारखी मान डोलावली.