सर्वांसाठी योग्य

मुलांचे गेम तपासून त्यांवर वयाचा शिक्का मारायचा, ही माझी नोकरी. कचेरीत मला मागून 'कात्रीबाई' म्हणतात, आणि ते मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक आहे. आमच्या तक्त्यात सहा रकाने: रक्त, मारामारी, शिव्या, नशा, जुगार, भीती. सहाही कोरे राहिले की शिक्का 'सर्वांसाठी योग्य'.

बुद्धिबळाच्या कोड्यांचा तो गेम आला तेव्हा मी खूशच झाले. रक्त नाही, आरडाओरडा नाही. लुटुलुटु चालणारी मोहरी, आणि एका प्याद्याला पटाच्या पलीकडे पोचवायचं, एवढंच. आम्हाला सगळ्या पातळ्या आधीच उघडलेली प्रत मिळते. तिसाव्या पातळीवर माझं घोडं अडलं, तशी मी सरळ पुढे उडी मारली. कोडी सोडवत बसायला वेळ कोणाला होता? चित्रं तेवढी पाहिली. वर अहवालात कौतुक केलं: 'केलेली चाल मागे घेता येत नाही, त्यामुळे मुलांना विचार करून वागण्याची सवय लागेल.' मोठी शहाणी मी! तो गेम घरी नेऊन थोरलीला दिलाही.

थोरली दहा वर्षांची, धाकटी पाच. माझा घटस्फोटाचा दावा चालू होता. नवरा कधी हात उगारत नसे. पण चिडला की हाताला येईल ते भिंतीवर फेकायचा, मग चार-चार दिवस मुका. त्याची चाहूल लागली तरी धाकटी पलंगाखाली जाऊन बसायची. एकदा फोनवर तो ठणकावून म्हणाला, "एक तरी मुलगी माझ्याकडे राहील. नाहीतर दोघींसाठी भांडत राहीन." फोन स्पीकरवर होता. थोरली समोरच खेळत बसली होती.

पुढे कोर्टाच्या समुपदेशक बाईंनी थोरलीला एकटीला आत बोलावलं. बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, "तिला वडिलांकडे राहायचंय. मी तीनदा विचारलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दहा वर्षं हिच्यासाठी खस्ता खाल्ल्या त्या यासाठी? जिन्यातच मी तिला म्हणाले, "जा. बापाचीच आहेस तू." ती खाली वाकून धाकटीच्या बुटाची नाडी बांधत राहिली.

नवऱ्याने धाकटीवरचा हक्क सोडला. ज्या दुपारी थोरलीला बाईंच्या कचेरीत त्याच्या स्वाधीन करायचं होतं, त्या सकाळी मी तिची बॅग भरत होते. टॅबलेटवर तीच तिसावी पातळी दिसली.

"सुटली तुला ही?" मी कोरडेपणाने विचारलं.

"केव्हाच. तू घोडा वाचवत बसली असशील." तिने घोडा उचलून काळ्या हत्तीच्या तोंडी दिला. हत्तीने तो खाल्ला. "आता हत्ती इकडे आला ना, म्हणजे प्याद्याच्या वाटेत कुणी नाही. घोडा दिल्याशिवाय प्यादं पोचतच नाही गं आई. इथून पुढे सगळं असंच आहे."

प्यादं टुणटुण पुढे गेलं. धाकटीने टाळ्या पिटल्या. माझे हात बॅगेतच राहिले.

"खरं सांग," मी म्हणाले, "तुला जायचंय बाबांकडे?"

"ती तिथे घाबरते. मी नाही घाबरत." खोटं बोलताना ती कानाची पाळी ओढते. आताही ओढत होती.

मी तिला पोटाशी धरून रडले, माफी मागितली. तशीच दोघींना घेऊन बाईंची कचेरी गाठली आणि सगळं सांगितलं. बाईंनी टॅबलेट हातात घेतला. "हा गेम? माझा नातू खेळतो. शिक्का आहे की यावर." मग थोरलीला त्यांनी पुन्हा विचारलं.

"मला बाबांकडेच राहायचंय."

"अहो, ती खोटं बोलतेय! कान बघा तिचा!" मी ओरडले. बाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि ताब्याचा कागद सहीसाठी पुढे सरकवला.

बाहेरच्या बाकावर मी तिच्या पाया पडायची बाकी राहिले. "अजून आत जाऊन सांग, राणी."

"चाल मागे नाही घेता येत, आई," ती हळूच म्हणाली. "घेतली तर ते परत दोघींसाठी भांडतील."

नवरा आला. त्याने बॅग उचलली. दारापाशी ती वळली, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही. धाकटीचा हात माझ्या हातात आहे ना, तेवढं बघून ती चालू लागली.