अकरावी शिट्टी

मी शिट्टी. बोलणं माझं काम नाही, वाजणं आहे. आणि तेही शक्यतो होऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा असते. अशा नोकरीत माणूस टिकला नसता. मी टिकले.

माझा रंग केशरी. माझा जन्म साच्यात झाला, एकाच दिवशी जन्मलेल्या हजारो बहिणींबरोबर. माझ्या पोटात ती गरगर फिरणारी गोळी नाही. गोळी ओली झाली की अडते, आणि आम्हाला बोलावणं येतं तेच मुळी सगळं ओलं झाल्यावर.

मार्च २०१४ मध्ये मनोहररावांनी मला दुकानातून घरी आणलं. ते मरीन इंजिनिअर, सिंगापूरच्या वुडलँड्सला राहणारे. अर्धं आयुष्य जहाजांच्या पोटात, इंजिनाशेजारी गेलेलं. त्यामुळे एकदा तरी पाण्यावर शांत बसून पाणी बघावं, ही त्यांची इच्छा. त्यांच्याकडे भरती-ओहोटीची वही आहे. त्या दिवसाच्या वेळा ते रोज सकाळी तीत उतरवतात, समुद्रावर जायचं असो वा नसो.

मला त्यांनी बायकोसाठी घेतलं होतं.

"आपण कयाक चालवायची, संजीवनी."

"चालवू की. पुढच्या रविवारी," संजीवनीबाई म्हणाल्या आणि मला स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं.

पुढचा रविवार यायला दोन वर्षं लागली.

ती दोन वर्षं माझ्यासमोर कुकर होता. त्याची शिट्टी रोज वाजायची. मला तिचा हेवा वाटला, हे मान्य करते. संजीवनीबाई बाथरूममधून ओरडायच्या, "अहो, तीन झाल्या! गॅस बंद करा!" मनोहरराव "हो" म्हणायचे आणि वही लिहीत राहायचे. मग चौथी, मग पाचवी. वरणाचा लगदा. बावीस वर्षांच्या संसारात ते कुकरसाठी एकदाही जागचे उठले नव्हते.

१० एप्रिल २०१६, रविवार. पुलाव उबिन बेटाच्या खारफुटीतली खाडी. प्रत्येकी दोघं बसतील अशा तीन कयाक, म्हणजे वल्ह्यांच्या चिंचोळ्या होड्या. पहिलीत मेबेल, म्हणजे आमची इन्स्ट्रक्टर, आणि तिच्याबरोबर एक विद्यार्थिनी. दुसरीत क्लेमेंटीहून आलेले मित्र, प्रबोध आणि त्याची बायको सुलेखा. शेवटच्या कयाकमध्ये आम्ही. मी संजीवनीबाईंच्या लाइफ जॅकेटच्या खांद्यावर.

निघण्यापूर्वी मेबेलने नियम सांगितले. मुळांना वल्हं लावायचं नाही. डावीकडच्या झाडांवर बगळ्यांची घरटी आहेत, लांबून जायचं, आवाज नको. कयाकमधून उतरायचं नाही, चिखल दिसतो तसा नसतो. एक शिट्टी म्हणजे लक्ष द्या. तीन म्हणजे मदत हवी.

"आमच्याकडे तीन म्हणजे वरण झालं," संजीवनीबाई म्हणाल्या.

सगळे हसले. प्रबोधने मेबेलला इंग्रजीत समजावून सांगितलं. तीही हसली आणि सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "देन टुडे नोबडी कुक, लाह."

मनोहरराव हसले नाहीत. ते नियम वहीत उतरवत होते. पुढे जे झालं ते या वहीवाल्या माणसाने केलं, हे मुद्दाम सांगते.

अर्ध्या तासाने आम्ही मागे पडलो. मेबेल वळणापलीकडे गेली होती, प्रबोध-सुलेखा वळणावर. मनोहररावांना मुळांत अडकलेला जाळ्याचा तुकडा दिसला आणि त्यात एक खेकडा.

"एका मिनिटात सोडवतो त्याला."

"अहो, ती म्हणाली ना, उतरायचं नाही."

"इथे टणक आहे."

टणक नव्हतं. ते मांडीपर्यंत चिखलात गेले. वरून गुडघाभर पाणी असेल ते कमरेला आलं. एक पाय काढायला गेले तसा दुसरा आणखी खाली गेला.

संजीवनीबाईंनी वल्हं पुढे केलं, ओढलं. कयाकच वाकडी झाली. ते म्हणाले, "थांब, तूही पडशील. भरती आत्ताच लागली आहे. पाणी तासाला अर्धा मीटर चढेल. घाई नाही." ही माहिती त्यांनी धीर देण्यासाठी सांगितली होती.

संजीवनीबाईंचा हात माझ्याकडे आला.

"शिट्टी नको," ते कुजबुजले. "घरट्यांत पिल्लं आहेत."

"पिल्लांची आई आहे तिथे. तुमचं कोण आहे?"

आणि त्यांनी मला वाजवलं. दोन वर्षं आणि एक महिना वाट पाहिल्यानंतर, तीनदा, स्वच्छ.

वळणावर माझा आवाज पोहोचला. तिथे काय झालं ते मला नंतर जेवणाच्या टेबलावर कळलं. प्रबोध म्हणाला, "झालं हिचं वरण!" आणि दोघांनी हसत वल्हं मारलं.

इकडे कुणीच आलं नाही. ते आणखी रुतले, पाणी बरगडीला टेकलं. मग संजीवनीबाई मोजायचं विसरल्या. श्वास घ्यायचा आणि फुंकायचं, श्वास घ्यायचा आणि फुंकायचं. बगळे उडाले.

मोजत होती ती सुलेखा. मुद्दाम नव्हे. शिट्टी ऐकली की तिचं मन आपोआप मोजतं. सात. आठ. "पुरे की आता चेष्टा," प्रबोध म्हणाला. नऊ. दहा. अकराव्या शिट्टीला सुलेखाने वल्हं थांबवलं.

"अकरा शिट्ट्यांत राजमासुद्धा विरघळतो. काहीतरी झालंय. मेबेलला हाक मार, आधी कयाक फिरव!"

मेबेल आली तेव्हा पाणी छातीवर होतं. तिने आपली कयाक त्यांच्या पाठीमागे आडवी लावली. "अंकल, डोन्ट फाइट. झोपा. पाठ माझ्या बोटीवर टाका. आता एकच पाय, हळूहळू हलवा." वीस मिनिटं लागली. डावा बूट आतच राहिला.

जाळं मात्र हातात आलं. त्यातला खेकडा रिकामा होता. नुसती कात. खेकडा केव्हाच निघून गेला होता.

त्या दिवसाची नोंद मी वाचली आहे. "बगळे चार उडाले. वीस मिनिटांत चारही परतले. एक बूट, डावा, संरक्षित क्षेत्रात राहिला, खेद आहे. नियम क्रमांक तीन मोडला. संजीवनीने ऐकलं नाही, म्हणून मी आहे."

आज २०१९ आहे. मी पुन्हा त्याच खिळ्यावर आहे. रंग थोडा उडालाय, आवाज शाबूत आहे. महिन्यातून एका रविवारी मला घेऊन जातात. वाजवत नाहीत, आणि माझी तक्रार नाही. कुकरचा हेवा आता वाटत नाही. समोर रोज एक गोष्ट दिसते. पहिली शिट्टी झाली की मनोहरराव वही मिटतात. दुसरीला ओट्यासमोर येऊन उभे राहतात. तिसरीला गॅस बंद करतात. कुणाला ओरडावं लागत नाही.

तुमच्या खांद्यावर माझी एखादी बहीण असेल, तर तिला वाजवायला लाजू नका; पाखरं परत येतात. आणि कुणाची शिट्टी ऐकू आलीच, तर मोजत बसू नका.