तिसऱ्या मजल्यावरचा राब

मित्रांनो, मी एक जुनी लाल माती आहे. किती जुनी ते विचारू नका, मलाच नीट सांगता येणार नाही. फार पूर्वी इकडे जमीन फाटली, आतून आगीचा रस वाहिला, थरावर थर चढले आणि थंड होऊन त्यांचा काळा दगड झाला. लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने तो दगड कुजवला, तेव्हा कुठे मी झाले. दगडाच्या पोटात लोखंड होतं, ते गंजलं, म्हणून माझा रंग असा. पण डोंगरांच्या हिशोबात मी अजून मध्यमवयीन बाई आहे, आणि खोड्या काढायची हौस काही गेलेली नाही.

पेठकडच्या डोंगरात, उतारावर माझं बिऱ्हाड. असल्या उताराच्या जमिनीला तिकडे वरकस म्हणतात. दगडावर पातळ गोधडी टाकावी तशी मी पसरलेली. पांढरी धोतरं नेसून वऱ्हाड निघालं की मी हळूच पायाखालून सटकायची. एक आपटला की मागचे खो-खो हसायचे, मग तेही आपटायचे. धोतराचा डाग पोरंबाळं होईपर्यंत जायचा नाही! पाणी मी धरून ठेवत नाही. इकडून प्यायचं, तिकडून सोडून द्यायचं. ती निफाडकडची काळी बघा, पाणी पोटाशी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळून रडते. मी नाही बाई तसली.

फक्त एक गोष्ट मला ठाऊक नव्हती, एकटं असणं. अख्खा उतार मीच होते. या टोकाला बैल चालला की त्या टोकाला कळायचं.

माझी मालकीण ठमाबाई. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि लेक उज्वला तिला नाशकात, इंदिरानगरच्या फ्लॅटवर घेऊन आली. डॉक्टरांनी बजावलं, पावसाळ्यापर्यंत डोंगर बंद. ठमाबाईला गुडघ्याचं काही वाटत नव्हतं, काळजी बियाची होती. तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेली, काळसर कणसाची नागली, म्हणजे तुमची नाचणी. गेल्या साली बी दिरावर, पुंजावर सोपवलं, तर पुंजाच्या कोंबड्यांनी पेरलेलं सगळं उकरून खाल्लं. आता उरलं होतं ओंजळभर. ते रुजलं नाही की ती नागली संपली.

म्हणून उन्हाळ्यात घर बघायच्या निमित्ताने ती आली आणि उताराच्या पायथ्याला बसून मला खताच्या गोणीत भरू लागली. जावई महेश किल्ली फिरवत उभा.

“आई, गंगापूर रोडला नर्सरीत तयार माती मिळते. पॅक पिशवीत.”

“ती काळी हाय, जावईबापू. नागलीचा पाय कुजतो तिच्यात.”

“पण गाडी लाल होईल ना.”

“मंग धुवा.”

तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत रंगाच्या रिकाम्या बादलीत मला ओतलं. मित्रांनो, तेव्हा कळलं. माझ्या खाली दगड नव्हता. ज्याच्यातून मी झाले, ज्याला लाखो वर्षं पाठ टेकून होते, तो बापच नव्हता. शेजारी मी नव्हते. एक गांडूळ चुकून सोबत आलं होतं, तेही दोन दिवसांत सुकलं. लिफ्टचं दार वाजायचं, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, आणि कोणाचा पाय म्हणून अंगावर पडायचा नाही.

उज्वला बिचारी तुळशीसारखं मलाही रोज तांब्याभर पाणी घालायची. मी काय धरते? महेशने बादलीला पाडलेल्या भोकांतून ते खाली. खाली, दुसऱ्या मजल्यावर ताहेराची पांढरी चादर वाळत होती.

“ओ उज्वला! वरून पान कोण थुंकलं? चादर बघ माझी!”

ठमाबाई कठड्यावरून वाकली. “पान नाय गं बाई, माझं शेत गळतंय.”

“शेत? तिसऱ्या मजल्यावर?”

“मंग काय, लिफ्ट हाय ना!”

बऱ्याच दिवसांनी मी मनापासून हसले. ठमाबाई साबण घेऊन खाली गेली. दोघींनी चादर चोळचोळ चोळली. डाग गेला नाही, पण चहा झाला.

आमच्याकडे एक रीत आहे. नागली पेरायच्या आधी त्या जागेवर पाला, काटक्या, शेण पसरून पेटवायचं. त्याला राब भाजणं म्हणतात. तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमाने येतं. राब भाजल्याशिवाय डोंगरात कोणी बी टाकत नाही. ठमाबाईच्या हाडात ही रीत अशी मुरलेली की बादली प्लास्टिकची आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. लेक-जावई कामावर गेले तसा तिने बागेतला पाला आणला, गोवरी कुस्करली आणि लावली काडी.

काय सांगू! अंगाला ओळखीची ऊब लागली. डोळे मिटून मी डोंगरावर होते. तेवढ्यात बादली बसली. वितळून, वाकून, फरशीवर मी अशी पसरले की बाल्कनीभर मीच मी. धूर पार पाचव्या मजल्यावर. वॉचमन पाण्याची बादली घेऊन, त्याच्यामागे सोसायटीचे सेक्रेटरी.

“आजी, इथे होळी करायची नसते!”

“व्हळी नाय भाऊ, राब हाय.”

“जे असेल ते. उद्या ही माती इथे दिसता कामा नये.”

उज्वला घरी आली आणि रडायलाच लागली. “आई, आम्हाला या लोकांत राहायचंय गं. सकाळी घंटागाडीत टाकणार मी हे सगळं.”

ठमाबाईने पदराच्या गाठीतलं बी तेवढं चाचपलं.

सकाळी घंटा वाजली. मी राखेसकट पुन्हा गोणीत, गोणी महेशच्या खांद्यावर. मी एवढी कधी घाबरले नव्हते. दगडाची माती होताना नाही, आणि आता ओल्या-सुक्या कचऱ्यात जाताना गांगरले. जिन्यात ताहेरा आडवी आली.

“कुठे निघाली स्वारी?”

“घंटागाडीत, भाभी.”

“ठेव इथे. चादर तर गेलीच, अब और क्या लाल होणार?” तिने पत्र्याची जुनी पेटी पुढे ओढली. “आणि सेक्रेटरींना सांग, ताहेराकडे शेत नाही, पेटी आहे.”

ठमाबाईने ओंजळ माझ्यात पेरली. मग लिफ्टची वाटही न बघता रोज कठडा धरून, एकेक पायरी कण्हत ती खाली यायची आणि पेटीशी बसून राहायची. दोघींना वाटायचं बी मेलं. मला मात्र आतून कळत होतं, पण सांगू कोणाला? सांगता येत नाही, हेही एकटेपणच.

“ठमामावशी! हिरवं आलं, हिरवं!” एका सकाळी ताहेरा ओरडली, तेव्हा वरून लंगडत येणाऱ्या पावलांनी जिना दणाणला.

रोप वीतभर झालं. नागलीचं रोप उपटून दुसरीकडे लावतात. डोंगरावर पुंजाने उतार नांगरून ठेवला होता. “वयनी, तू बांधावर बस निस्ती. लावणी आम्ही करतो,” असा त्याचा फोन आला होता. ठमाबाई रोपं उपटायला बसली. उपटायचं, मुळं आपटून माती झाडायची, जुडी बांधायची. ओझं हलकं होतं, तीच रीत.

मी मुळांना घट्ट धरलं, मित्रांनो. शप्पथ, सगळा जोर लावून धरलं. रोपं माझ्याच घरी चालली होती. तिने पेटीच्या काठावर हळूच आपटलं, आणि मी सुटले.

जुड्या घेऊन ठमाबाई डोंगरावर गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ताहेराचा फोन वाजला. “लागली? सगळी लागली? या अल्ला, शुकर!” म्हणजे लागली. ती नागली जगली. तिकडे माझ्यात ती मुळं धरेल, आणि तिकडची मी तिला कधी विचारणारही नाही की बाळा, आधी कुठे होतीस.

आता मी पेटीत आहे. ताहेरा म्हणते, पुदिना लावू. लावेल. दोन पाट्या मातीला परत डोंगरावर कोण नेतं?

तेव्हा मित्रांनो, रोप उपटाल तेव्हा मुळं इतकी स्वच्छ झाडू नका. चिकटली असेल चिमूटभर माती, तर राहू द्या. तिलाही जायचं असतं.