मानभावीण

“तिला आत घेऊ नगा! पोर जन्मायच्या आधीच हेरून ठेवलंय तिनं!”

सारजाबाई दोन्ही हात पसरून दार अडवून उभी होती. आत तिची धाकटी सून कुशाबाई सकाळपासून अडलेली. अंगणात कौशल्याबाई पदर खोचून उभी होती. काळेवाडीत तिच्याइतक्या हलक्या हाताची सुईण नव्हती. गेल्याच वर्षी याच घरातल्या थोरल्या सुनेला तिनं सोडवलं होतं. तेव्हा सारजाबाईनंच तिची खणानारळानं ओटी भरली होती.

मध्ये एवढंच घडलं होतं, की नदीपलीकडे पिंपरीला नव्या कारखान्याचा पाया खणताना पाणी लागलं आणि काम थांबलं. पाया माणसाचं डोकं मागतो, असं कुणीतरी बोललं. त्याच आठवड्यात कौशल्याबाईकडे काळी वस्त्रं नेसलेली एक वृद्ध संन्यासिनी भिक्षेला आली, ओसरीवर बसली, हळू आवाजात काहीतरी पुटपुटली आणि गेली. कौशल्याबाई आणि तिचा गवंडी नवरा ज्योतीराम जालन्याकडचे, महानुभाव पंथाचे; गाव तिला मानभावीण म्हणे. गावदेवीला हात न जोडणारे, बकऱ्याच्या जत्रेला न जाणारे. एवढं पुरलं.

“सातशे वर्सं झाली त्या पंथाला,” चहावाला दत्तोबा गिऱ्हाइकांना सांगे. “पोथ्या चोरट्या अक्षरात. आपल्याला एक आक्षर लागत न्हाई. का? तर आत निरोप असत्यात. ह्या मठातनं त्या मठात, पार दिल्लीपातूर. पायात घालायला पोरं पुरवायचा मक्ता त्यांच्याकडं हाय.”

ज्योतीराम आधी हसला, मग भांडला. शेवटी घरी येऊन म्हणाला, “न्हाई म्हणलं तर म्हणतात, ते न्हाईच म्हणणार, त्यांची शपथच तशी. आता काय बोलावं, सांग.” त्यानंतर त्या दोघांनी गावाला समजावणं सोडलं. गावानं तिला बोलावणं सोडलं.

आज मात्र कुशाबाईच्या ओरडण्याचा आवाज बदलला होता. सकाळचा आवाज जोर करणाऱ्या बाईचा होता. आता तो घशातच विरत होता. कौशल्याबाई न बोलावताच आली होती.

“माय, मूल आडवं आलंय,” ती म्हणाली. “आवाजावरनं कळतंय मला. मला जाऊ द्या. मग काय करायचं ते करा माझं.”

कुशाबाईचा नवरा गेनबा भिंतीला टेकून उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “देवीचा परसाद खा,” तो म्हणाला. “पंथ सोडला म्हण. मग जा.”

कुणीतरी धावत जाऊन देवळातून पान आणलं. त्यावर सकाळच्या नैवेद्याचं मटण होतं. कौशल्याबाईनं जन्मात मांस तोंडात घातलं नव्हतं. लग्नाआधी, पोरवयात, तिनं गुरूपुढं वाकून उपदेश घेतला होता; त्या एका शब्दावर ती आजवर चालली होती. ज्योतीराम गर्दीमागे येऊन उभा राहिलेला तिला दिसला. त्यानं मान हलवली, नको म्हणून.

आतून कुशाबाईचा आवाज आला नाही.

कौशल्याबाईनं पान घेतलं. घास तोंडात घातला, चावला, गिळला. “सोडला पंथ,” ती म्हणाली, आणि सारजाबाईच्या हाताखालून आत शिरली.

मूल फिरवायला तिला फार वेळ लागला. कुशाबाई वाचली. मुलगा निळा पडून आला. कौशल्याबाईनं त्याला उलटा धरला, पाठ चोळली, त्याच्या तोंडात स्वतःचा श्वास फुंकला. पुन्हा पुन्हा फुंकला. मग तो फडक्यात गुंडाळून तिनं गेनबाच्या हातात दिला.

“वेळ गेला, बाबा,” ती म्हणाली.

सारजाबाई त्या गाठोड्याकडे बघत राहिली. “परसाद खाल्ला तिनं,” ती सावकाश म्हणाली. “आत जाण्यापुरता खाल्ला. आन् गेली की आत.” अंगणातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्या मनातला सगळा संशय जणू तेवढ्यात जागच्या जागी बसला. कौशल्याबाईला तिथंच कळून चुकलं, की यापुढे ती काहीही करो, ते गावानं रचलेल्या त्या एका गोष्टीतच जाऊन बसणार.

घरी येऊन तिनं चूळ भरली. ज्योतीरामनं तिच्या हातावर पाणी घातलं, पण दोघांपैकी कुणी रोजचं नामस्मरण केलं नाही. कुठल्या तोंडानं करायचं, हे तिला सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती केर टाकायला दारात आली. समोरच्या बाभळींपाशी बाळाला पुरलं होतं, वर काटे-धोंडे ठेवले होते. शेजारी गेनबा काठी घेऊन बसला होता. त्याची पाठ खड्ड्याकडे होती आणि तोंड तिच्या घराकडे. पायासाठी ती बाळ उकरून नेईल म्हणून तो राखणीला बसला होता. रात्रभर तो तिथंच असावा. डोळे लाल झाले होते.

ज्योतीराम म्हणाला, “आत ये. दार लाव.”

तिनं दार लावलं नाही. गेनबाला ती दिसत राहावी म्हणून, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून, ती उन्हात उंबऱ्यावर बसून राहिली.